गव्हाणीचं पहिलं टोक

सून : ही फीत बघा, मामंजी. बाकी सहा कालवडींची छाती महिन्यात चार-चार बोटं वाढली. चिमणीची अर्धं बोट! आता परत जंताचं औषध म्हणालात, तर तेच पिऊन टाकीन मी.

सासरे : अगं, एकेकाची अंगकाठीच तशी. आमच्याकडे एक कालवड नुसत्या पेंडीच्या वासावर वाढली. दिवसाला बारा लिटर दूध!

सून : कालवडीला?

सासरे : पुढं गाय झाली की नाही ती?

सून : आई मेल्यावर बाटलीनं वाढवलंय मी हिला. डॉक्टर म्हणाले, आणखी महिनाभर अशीच राहिली तर हातची जाईल. मला गोष्टी नकोत.

सासरे : मग त्या मुकादमीणबाईला बांध बाजूला. गव्हाणीचं पहिलं टोक अडवून तीच ढुशा देते सगळ्या कालवडींना.

सून : बांधली ना सोमवारी! तासाभरात तांबडी मुकादम झाली. हिच्या वाट्याला पुन्हा चाटूनपुसून ठेवलेली गव्हाण.

सासरे : खुर्ची कधी रिकामी राहिलीय का!

सून : म्हणून तिला सोडलं आणि भिंतीपलीकडं हिची वेगळी गव्हाण केली. तिथंही खाईना. का, ते आज कळलं. तिथं बादली कोण नेतं?

सासरे : मीच.

सून : आणि तुमच्या मागून?

सासरे : मुकादमीण येते. हात चाटते गं माझा.

सून : मग पहिली ओंजळ तिला.

सासरे : चवीपुरती!

सून : तुम्ही आलात की ढुशी आली, एवढंच चिमणीला कळतं. तुम्ही नुसते खोकलात तरी कोपरा गाठते.

सासरे : चाळीस वर्षं जनावरं माझ्यामागून चालतायत!

सून : ही नाही चालत.

सासरे : मला घाबरते?

सून : हो.

सासरे : रानात भेटलेला तो वाघसुद्धा नव्हता घाबरला.

सून : तुमच्या गोष्टीत तर तुम्हाला बघून पळाला होता ना तो?

सासरे : ते सांगण्यापुरतं.

सून : बादली द्या इकडं. मुकादमीणबाईला घेऊन जा त्या दाराबाहेर. आणि पाठ करून उभे राहा.

(थोड्या वेळानं. सासरे दाराबाहेर, सून आत चिमणीपाशी.)

सासरे : काय गं?

सून : हळू! गव्हाणीत तोंड घातलंय.

सासरे : वळून बघू?

सून : नको, मामंजी.

सासरे : बरं. मग तूच सांग. शेपूट हलतंय का तिचं?