एकदा टक म्हणजे हो

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा माननीय डॉक्टरबाई, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आपल्या बोलत्या पुस्तकांच्या ग्रंथालयाचे कार्यकर्ते, मधल्या खुर्चीवर अवघडून बसलेल्या सत्कारमूर्ती, म्हणजे माझी आत्या, आणि मी वाचली नसतील इतकी पुस्तकं नुसत्या कानांनी संपवलेल्या श्रोतेहो,

मी कॉलेज अर्ध्यात सोडलेला माणूस. माझं एका जागी बूड टिकत नाही, तसा भाषणात मुद्दाही टिकत नाही. भरकटलो तर कुणीतरी खोकावं. आत्या सोडून, तिला खोकायला मनाई आहे.

आत्यानं तुमच्यासाठी वाचलेल्या शेवटच्या कादंबरीच्या अखेरीस टेबलावर एक टक ऐकू येते. ती कशाची, असं तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलंत, म्हणून मला इथं उभं केलंय.

आत्या तुमच्यासाठी वाचायची ती घरातल्या अडगळीच्या खोलीत, भिंतींना रजया टांगून. भटकायला निघताना मी तिचा जुना कॉम्प्युटर सर्व्हर करून बुटांच्या कपाटावर ठेवला. तिनं वाचलेलं प्रकरण ग्रंथालयाच्या तपासनीस ताईंनी आपल्या घरून परस्पर उतरवून घ्यायचं, अशी सोय. बुटांच्या कपाटावरच का, ती वेगळीच भानगड आहे, चहाच्या वेळी सांगतो.

मग घशाचं दुखणं निघालं. ऑपरेशनची तारीख ठरली. पुढं आवाज राहील का, डॉक्टर सांगेनात. आत्यानं घाईनं शेवटचं प्रकरण वाचलं, आणि नेमकं तेच ताईंना मिळेना. ‘सर्व्हर उत्तर देत नाही’, एवढंच यायचं. कुरियरनं पाठवता आलं असतं. पण ते पोचून, ऐकून, चुका कळेपर्यंत तारीख उलटली असती. मग दुरुस्ती कुणाच्या आवाजात करणार होतो आपण?

मी तेव्हा एका बंदरात. तिथली जहाजं काय सांगू... बरं, खोकलात, आभारी आहे. ताईंनी कळवलं, तसा मी घरी फोन केला. आत्याला बोलायची बंदी. उरलासुरला आवाज दुरुस्तीसाठी राखायचा होता. फोन आतोबांनी घेतला.

“आतोबा, इंटरनेटच्या खोक्यावरचा दिवा लुकलुकतोय का?”

“लुकलुकतोय. तू घरी कधी येतोयस?”

“आणि बाजूचा?”

“नोकरी धरलीस का, ते सांग आधी.”

शेवटी म्हटलं, फोन आत्याच्या हातात द्या. “आत्या, तू बोलू नकोस. एकदा टक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. पासवर्ड बदललास?” टक टक. “कॉम्प्युटर चालू आहे?” टक. “खोका मधे बंद केला होतास?” मग अगदी हळू, टक.

तिच्या वाचनामागे कधी पंखा, फ्रिज ऐकलात? नाही ना? वाचायच्या आधी ती घरातलं गुणगुणणारं सगळं बंद करते. या खेपेला तिला खोक्याचीही गुणगुण ऐकू आली. हा खोका घरातल्या प्रत्येक यंत्राला नंबर देतो. बंद करून लावला, की कधी कधी नंबर नव्यानं वाटतो. आपल्या सर्व्हरचा नंबर गेला होता आतोबांच्या टीव्हीला, आणि ताई बिचाऱ्या टीव्हीकडे कादंबरी मागत होत्या!

पडद्यावर कुठं काय दाबायचं ते मी सांगत गेलो, आत्या टक करत गेली. सर्व्हरचा नंबर कायमचा बांधून टाकला. प्रकरण पोचलं. ताईंनी ऐकलं आणि कळवलं, “एका जागी गोष्ट उडी मारतेय. पान जास्तीचं उलटलं गेलंय.”

आत्यानं पुन्हा सगळं बंद केलं आणि सुटलेला भाग वाचला. आवाज चिरकलाय, तुम्ही ऐकलाच आहे. वाचून झाल्यावर तिनं टेबलावर बोट वाजवलं. झालं, म्हणून. ताईंनी ते कापलं नाही, त्याबद्दल त्यांचे जाहीर आभार.

ग्रंथालयाचे, अध्यक्षांचे आणि आपल्या सर्वांचे आभार. बोलण्यात माझीही पानं उलटली गेली असतील, तर पोटात घालावं.

आत्याचा आवाज परत आलेला नाही. पण येताना गाडीत तिनं मोबाइलवर मला लिहून दाखवलं, ‘सगळ्यांपर्यंत पोचलं का, विचार.’ तेव्हा श्रोतेहो, टाळ्या नकोत. खुर्चीच्या हातावर बोट ठेवा. शेवटचं प्रकरण पोचलं?

...

ऐकलंस, आत्या?