तेलकट पत्री

तुम्ही सॅलडचं नाव काढलंत म्हणून सांगते. डॉक्टरांनी आमच्या ह्यांना कच्ची पानं आणि फळं खायला सांगितली. मी मोठ्या हौसेनं कोवळा पालक, संत्र्याच्या फोडी, द्राक्षं, अक्रोड, वरून लिंबू आणि ऑलिव्ह ऑइल, असं घमेलंभर सॅलड केलं. हे आपल्या धारकडच्या हिंदीत म्हणाले, "ये क्या है भिया? मी काय बकरी आहे?" आणि हात न लावता उठले.

बाऊल टेबलावरच ठेवून मी फोन घ्यायला गेले. परत येते तर बाऊल गायब! धारहून आलेल्या ह्यांच्या आत्यासाहेब देवघरात बसलेल्या आणि सगळे देव पालकाखाली. पानं, फळं, मेवा एकत्र दिसल्यावर त्यांना ती पूजेची तयारीच वाटली.

"सूनबाई, पत्री फार तेलकट हो. बाळकृष्ण दोनदा निसटला हातातून."

मग उरलेला बाऊल त्यांनी प्रसाद म्हणून ह्यांच्या पुढ्यात ठेवला. आत्यासाहेबांना नाही म्हणायची ह्यांची काय बिशाद! दोन घास कसेबसे गिळून हळूच म्हणाले, "आत्यासाहेब, वरून थोडी शेव?"

"देवानं बिनशेवेचं खाल्लं," त्या कडाडल्या, "तुलाच काय धाड भरलीय?"