मी फक्त ‘बघू’ म्हटलं होतं

...आणि वर लोक मलाच विचारतात, "रात्री होडी कुठे लावता हो?" कुठे लावता म्हणजे? भर समुद्रात लॉज असतो? "मग नांगर टाकून झोपत असाल ना!" अहो, खाली चार-चार किलोमीटर पाणी! एवढी दोरी आणायची कुठून, आणि आणली तरी ठेवायची कुठे? मला पाय ठेवायला जागा नव्हती तिथे! नाही मंडळी, होडी थांबत नसते. दिवसा नाही, रात्री नाही, आणि तुम्ही संडासात असताना तर मुळीच नाही. ते संडास म्हणजे एक कपाट. गुडघे दाराला, डोकं छताला, एका हाताने भिंत धरायची, दुसऱ्या हाताने पंप मारायचा, आणि तेवढ्यात वरून आवाज येतो, "अहो, लवकर वर या, वारा फिरला!" आता वारा फिरला त्याला मी काय करू? मी कुठल्या अवस्थेत आहे!

तुम्हाला सांगतो, यात माझा काडीचा दोष नाही. मी फक्त ‘बघू’ म्हटलं होतं!

म्हणजे झालं काय, सकाळची वेळ, मी पेपर वाचतोय, समोर आमची ही बसलेली. ही डॉक्टर, भूल देणारी. सगळं आयुष्य ऑपरेशनच्या टेबलाजवळ गेलं. लोकांना झोपवायचं आणि आपण डोळ्यांत तेल घालून जागं राहायचं. निवृत्त झाली, मला वाटलं, चला, आता बाई झोपेल, बागेत दोन रोपं लावेल, मला एखादा स्वेटर विणेल. कसलं काय! ही बंदरावर जाऊन शिडाची होडी चालवायला शिकून आली. आणि त्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून, अगदी ‘भाजी आणायला जाऊ या का’ अशा आवाजात म्हणते, "अहो, आपण दोघांनी होडीने महासागर ओलांडायचा का?"

आता मला सांगा, कुठल्याही घरात नवरा यावर काय म्हणतो? मी पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं, "बघू."

आपल्याकडे ‘बघू’चा अर्थ काय? ‘नाही’! लेकीने सायकल मागितली, बघू. साडूने मुक्कामाला बोलावलं, बघू. ‘बघू’ म्हणजे कागदात नीट गुंडाळलेला नकार. शाळेतल्या पोराला कळतं! पण ही म्हणते, "आमच्या धंद्यात पेशंटने मान हलवली की संमती धरतात." अगं पण मी मानसुद्धा हलवली नव्हती! पान उलटलं होतं!

आठवड्याभरात होडी आली. जुनी, पांढरी, आमच्या स्वयंपाकघराहून जेमतेम मोठी. आणि मी कोण? चष्म्याचं दुकान होतं माझं. जन्म एका स्टुलावर बसून काढला. समोरच्याने अक्षरं वाचायची, मी काच बदलायची, दुकानात हलणारी वस्तू एकच, गिऱ्हाइकाची मान! शिवाय मला बोट लागते. बोटच कशाला, मला झोपाळा लागतो. लेकीला लहानपणी झोका देताना मी उभ्या उभ्या गरगरलोय! हे मी हिच्या गुरूला सांगितलं. बंदरावरचा म्हातारा खलाशी, छातीपर्यंत दाढी. तो म्हणाला, "साहेब, घाबरू नका. बोट सगळ्यांनाच लागते. काहींना दोन दिवस, काहींना तीन." मी म्हटलं, "आणि त्यानंतर?" तो दाढी खाजवत म्हणाला, "त्यानंतर ओकायला काही उरत नाही ना."

हा माणूस धीर देत होता, बरं का!

लेकीला फोन केला. म्हटलं, ही तरी आईला समजावेल. तर ती रडायलाच लागली. "बाबा, किती गोड आहात तुम्ही! आईसाठी एवढं करताय!" झालं! आता माघार कशी घेणार? एका ‘बघू’ने मी आदर्श नवरा झालो आणि गोड गोड म्हणत मला समुद्रात ढकललं.

मग काय, निघालो. पहिले काही दिवस मला समुद्र दिसलाच नाही. मला बादली दिसली. लग्नाच्या पहिल्या वर्षी हिच्याशीसुद्धा मी एवढ्या जवळून बोललो नव्हतो, जेवढा त्या निळ्या बादलीशी बोललो. आणि ही? वर सुकाणूजवळ गाणं गुणगुणतेय! मधूनच खाली डोकावून विचारते, "अहो, काही हवंय का?" मी म्हटलं, "जमीन."

बरं, होडीवर काम करायचं तर त्या ‘अहो’चा केवढा त्रास! शिडाच्या खाली एक आडवी दांडी असते. वारा फिरला की ती दांडी या बाजूची त्या बाजूला सप्पकन जाते, आणि मध्ये तुमचं डोकं असेल तर डोकंही घेऊन जाते. आता ही ओरडायची, "अहो, जरा डोकं खाली घ्या!" तुम्हीच मोजा. ‘अहो’ झालं, ‘जरा’ झालं, ‘डोकं’ म्हणेपर्यंत ठाण्! इथे टेंगूळ आहे बघा. दुसऱ्या टेंगळानंतर हिने जाहीर केलं, "समुद्रात मानपान बंद." आणि दुसऱ्या दिवशी नुसतं, "वाक!" लग्नाला एवढी वर्षं झाली, बायकोने पहिल्यांदा मला एकेरीत हाक मारली... तुम्हाला खरं सांगतो, मी वाकलो तर वाकलोच, पण वाकल्या वाकल्या लाजलो.

तरी मनात एकच. मी फक्त ‘बघू’ म्हटलं होतं!

आणि मग तो दिवस आला. दुपारची वेळ. मी खाली बटाटे सोलत बसलेलो. होडीतली शेगडी अशी टांगलेली असते की होडी कितीही कलंडली तरी शेगडी सरळच राहते. शेगडीची सोय केली, माणसाची नाही केली! तर मी बटाट्याच्या मागे, बटाटा माझ्या मागे, असं चाललेलं, आणि एकदम उजेडच गेला. वर बघतो तर आभाळ काळंठिक्कर. ही म्हणाली, "वादळाचा झटका येतोय, शीड कमी करू या." आणि ‘करू या’मधला ‘या’ हवेत असतानाच बाजूने एक लाट आली. लाट कसली, भिंत! होडी आडवी झाली, भांडी माझ्या अंगावर, मी बटाट्यांवर, आणि वरून आवाज आला... धप्प.

नंतर काहीच नाही. "वाक" नाही, "अहो" नाही.

मी कसा वर गेलो मला माहीत नाही. ही कोपऱ्यात पडली होती. कमरेचा पट्टा होडीला अडकवलेला, म्हणून होडीत होती, नाहीतर... जाऊ द्या. चेहरा पांढरा, डावा हात छातीशी घट्ट धरलेला. म्हणाली, "गळ्याजवळचं हाड मोडलंय." आवाज असा, की शेजारच्या खाटेवरच्या पेशंटबद्दल सांगतेय. मी तिला कसंबसं खाली आणून बिछान्यावर टेकवलं, उशीच्या अभ्र्याची झोळी करून हात गळ्यात बांधला, ती सांगत गेली तसं. औषधांच्या पेटीतून दुखण्याची गोळी काढली. तर घेईना! "ही घेतली की मला गुंगी येईल. मग वर कोण बघणार?"

आणि मग मंडळी, माझ्या बायकोने, जिने माझ्या पोटाच्या ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बसून शब्दकोडं सोडवलं होतं, त्या बाईने माझी बाही पकडली आणि म्हणाली, "मला भीती वाटतेय."

मी म्हटलं, "गोळी घे. मी बघतो."

माझ्याच तोंडून! मी मागे वळून बघितलं, कोण बोललं म्हणून! सगळा जन्म ‘बघू, बघू’ म्हणण्यात गेला, ‘बघतो’ कधी म्हटलं नव्हतं हो मी! तिने माझी बाही सोडली. मग गोळी घेतली. मी म्हटलं, "आता दहापासून उलटे आकडे म्हण." आयुष्यभर तिने लोकांना म्हणायला लावले तेच. ती हसली, दुखलं, तरी हसली. "दहा... नऊ..." सातला डोळे मिटले.

आणि मी वर आलो. एकटा.

आता काय सांगू! पाऊस असा की तोंड उघडलं तर पोट भरेल. वारा किंचाळतोय. शीड पूर्ण ताणलेलं, ते कमी केलं नाही तर डोलकाठी मोडणार, हे मला माहीत होतं, कारण हिने मला ते रोज शिकवलं होतं आणि मी रोज बादलीत डोकं घालून ‘हं’ म्हटलं होतं. पट्टा अडकवला. डोलकाठीपर्यंत चालत नाही गेलो, रांगत गेलो, लेकसुद्धा कधी इतकी रांगली नसेल. दोरी सैल केली, शीड खाली ओढलं, ते थोबाडीत मारतंय, मी त्याला शिव्या देतोय, ते परत मारतंय. शेवटी मिठी मारली मी त्याला! खालचा भाग गुंडाळला, आणि आली प्रश्नपत्रिका! गाठ कुठली मारायची? हिने शिकवलेल्या सगळ्या गाठी डोक्यातून साफ! मला एकच गाठ येते, बुटाची. मारली बुटाची! एक, दोन, सगळ्या ओळीने, फुलं काढून! परत शीड ताणलं, आणि... होडी सरळ झाली. पळायला लागली. अहो, मी भर पावसात सुकाणूला टेकून खदाखदा हसत होतो, आणि ऐकायला चिटपाखरू नाही!

ही जागी झाली तेव्हा ऊन पडलं होतं. हळूहळू वर आली, शिडाकडे बघितलं, गाठींकडे बघितलं. म्हणाली, "या कुठल्या गाठी?"

"बुटाच्या."

"सुटली का एखादी?"

"नाही."

"मग राहू दे," म्हणाली, आणि माझ्या खांद्याला डोकं टेकून बसली. चांगल्या बाजूने.

तिथून पुढे किनाऱ्यापर्यंत सुकाणू माझ्याकडे, हुकूम तिच्याकडे. ती म्हणे, "जरा डावीकडे," मी डावीकडे. पूर्वी घरात चालायचं तसंच, फरक एवढाच की इथे होडी खरंच डावीकडे जायची. आणि नवल सांगतो, त्या दुपारनंतर मला एकदाही बोट लागली नाही. घाबरायला सवड नव्हती, तर ओकायला कुठून मिळणार!

मग एका सकाळी वास आला. ओल्या मातीचा. जमीन दिसायच्या आधी जमिनीचा वास येतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी... म्हणजे डोळ्यांत मीठ गेलं होतं, एवढंच.

धक्क्याला लागलो, हिचं हाड दाखवलं, तिथला डॉक्टर म्हणाला छान जुळतंय. लेकीचा फोन, परत रडणं, "बाबा, आता होडी विकून टाका आणि विमानाने परत या!" मी म्हटलं, लाख बोललीस पोरी! लगेच हिच्याकडे गेलो. ही होडीत बसून एका हाताने नकाशा पसरतेय. म्हटलं, "अगं, पोर म्हणतेय, विमानाने परत जाऊ."

"आणि होडी?"

आता इथे मी ‘विकू’ म्हणायचं होतं. तयारी करून गेलो होतो! पण तोंडातून निघालं, "तिला एकटीला कशी सोडणार?" बघा ना, कसं असतं तोंड! मी सावरायला गेलो, "म्हणजे आपण होडीनेच घरी जाऊ, पण सरळ, आलो त्याच रस्त्याने."

ही म्हणाली, "आलो त्या रस्त्याने सगळा वारा तोंडावर येणार. जमणार नाही."

"मग घरी जायचं कसं?"

तिने नकाशाच्या पलीकडच्या कडेवर बोट ठेवलं. म्हणाली, "असंच पुढे. पृथ्वी गोल आहे."

आता तुम्हीच सांगा मंडळी... बायकोशी एकवेळ वाद घालता येईल हो, पृथ्वीशी कोण घालणार?