इकडची केरेता, तिकडची केरेता

हॅलो? …हॅलो! कोण, नोर्सिया? …हो, मीच. माझ्या फोनवर दुसरं कोण असणार… हो, मिळालं. मिळालं म्हणते ना तुझं पार्सल! सकाळी सातला बसअड्ड्यावर जाऊन घेऊन आले… साठ हजार रुपिया घेतले ड्रायव्हरनं. तू पंचवीस म्हणाली होतीस. म्हणे खोका मोठा आहे, सीमेवर साहेबांना समजवावं लागतं… हो, दिले. काय करणार, पार्सल त्याच्या मांडीवर, पैसे माझ्या हातात.

ते राहू दे गं. आधी एक सांग, खेळण्यांच्या दुकानात गेलीस तेव्हा शुद्धीवर होतीस ना? …विचारते आहे. सरळ विचारते आहे… नाही, फुटलेलं नाही. एन्तिकोंगच्या नाक्यावर उघडून बघितलंय मेल्यांनी, चिकटपट्टी परत लावायचीसुद्धा तसदी घेतली नाही. पण फुटलेलं नाही. फुटलं असतं तर बरं झालं असतं, निदान सांगता तरी आलं असतं की फुटलं.

आत मोटार आहे, नोर्सिया. लाल मोटार!

…‘हो’ काय? …‘हो मग’ काय? …केरेताच? कसली केरेता! केरेता म्हणजे रेल्वे गं बाई, रेल्वे! इंजिन, मागे तीन डबे, गोल रूळ, वरून धूर. ही चार चाकांची गाडी आहे. हिला मी केरेता कुठल्या तोंडानं म्हणू?

…ठाऊक आहे. ठाऊक आहे गं मला. सीमेपलीकडे तुमच्या कुचिंगला मोटारीला केरेता म्हणतात. पण तू जन्मलीस कुठे? पोंतियानाकलाच ना? माझ्या पाठीवर ना? सव्वीस वर्षं तिकडे नांदलीस म्हणून आपल्या घरची बोली पार धुवून टाकलीस की काय… तसं नाही कसं? आणि मी फोटो पाठवला होता तुला! रेल्वेचा. स्वच्छ फोटो, किंमत दिसेल असा… उघडला नाहीस? …का? …डेटा जातो?

शी! एका फोटोला डेटा जातो म्हणून… नाही, मला काही बोलायचंच नाही आता.

…थांब, बोलायचंय. तुला कल्पना आहे का इथे काय चाललंय? माझ्या नातवाची, फिक्रीची सुंता आहे आज. आज म्हणजे आत्ता! माणसं जमलीत, व्हरांडा भरलाय. जमहूर काका बॅग मांडीवर घेऊन बसलेत, तिसरा चहा चाललाय त्यांचा. अकराला त्यांना नदीपलीकडे दुसरी सुंता आहे. ते एकदा उठले की पुढच्या शाळेच्या सुट्टीशिवाय यायचे नाहीत. आणि आमचे नवरदेव कुठे आहेत? झाडावर! …हो, झाडावर. नवी लुंगी नेसून जांबाच्या झाडावर चढून बसलाय. केरेता दाखवा, मग उतरतो म्हणतो.

…हसू नकोस. नऊ वर्षांचा झाला, वर्गात तेवढा एकटाच राहिलाय. पोरं काय काय बोलतात त्याला, तुला सांगता यायचं नाही मला. महिनाभर समजूत घालून तयार केला, तो त्या एका केरेतावर. बापानं कबूल केली होती म्हणून.

…हो, मग बदलून आण म्हणतेस, कधी बदलून आणू? बसला दहा तास लागतात. जमहूर काका दहा तास चहा पीत बसतील?

अगं ऐक ना… ऐक, मध्ये बोलू नकोस. तीन आठवडे माझ्या नाकी नऊ आले. इथल्या मॉलमध्ये तीच रेल्वे सहा लाख पंच्याऐंशी हजार. पसार तेंगाहच्या बाजारात गेले, तिथं सहा चाळीस, पण डबे दोनच. मग तूच म्हणालीस, कुचिंगला एकशे एकोणीस रिंगिट. साडेतीन हजारानं गुणलं, झाले सव्वाचार लाखाच्या आत. म्हटलं, वा! अडीच लाख वाचले. शेजारच्या सालमाला तोंड वर करून सांगून आले की सीमेपलीकडून मागवतेय… आता तिला काय सांगू? तीच व्हरांड्यात सर्वांत पुढे बसलीय.

…काय? …पंचेचाळीस? पंचेचाळीस काय? …रिंगिट? अगं, एकशे एकोणीसचं काय झालं?

…थांब. हळू बोल. मॉलमधून नाही घेतलीस? …सेरिकिनच्या बाजारातून? सीमेवरच्या त्या शनिवारच्या बाजारातून?

नोर्सिया… सेरिकिनला दुकानं कोण मांडतं? आपलीच माणसं ना? इकडून मोटारसायकलीवर गाठोडी लादून डोंगर चढून जातात ती? …हो, ‘तिथं स्वस्त मिळतं’. थांब. थांब जरा. खोक्याच्या खाली काहीतरी चिकटवलेलं दिसतंय… चष्मा कुठे गेला माझा… डोक्यावरच आहे… हं. ‘पसार तेंगाह, पोंतियानाक.’ आणि किंमत लिहिलीय… पंच्याण्णव हजार.

पंच्याण्णव हजार रुपिया!

…नाही, रिंगिट नाही, आपलेच रुपिया. माझ्या घरापासून दहा मिनिटांवरचं दुकान आहे हे! म्हणजे ही मोटार इथून डोंगर चढून तिकडे गेली, तिथं तू दीड लाखाला घेतलीस आणि साठ हजार भाडं देऊन मी ती परत घरी आणली!

…आणि हो, ती बॅटरी! तूच लिहिलंस ना, ‘केरेता मिळाली, बॅटरी पर्चुमा’? म्हणून मी इथून चांगल्यातल्या चार बॅटऱ्या घेतल्या. पंचेचाळीस हजार मोजले… का घेतल्या म्हणजे? पर्चुमा म्हणजे कुचकामी, बिनकामाच्या! म्हटलं, नोर्सियानं निदान एवढं तरी खरं कळवलं… काय? …फुकट? तिकडे पर्चुमा म्हणजे फुकट?

…तुमचा देश तुम्हालाच लखलाभ होवो. फुकट द्यायचं आणि कुचकामी म्हणायचं.

…हो, जमहूर काका! झालंच! दोनच मिनिटं! …केळ्याची भजी घ्या ना अजून, यांतीनं आत्ताच काढलीत! …अगं, बाहेर ओरडले. हं, बोल.

…यांती ना? सून आहे माझी, तिनं तरी काय करावं. कुचिंगला कामाला गेलेल्या नवऱ्यानं तीन वर्षांत तोंड दाखवलेलं नाही. सकाळपासून हळदीचा भात ढवळतेय, वर बघत नाही. मोटार बघितली तिनं. बघितली आणि झाकण ठेवलं भातावर.

मला एकच सांग. मी रेल्वे म्हणून फोटो पाठवला तो तू उघडला नाहीस, ठीक. मग मोटारच आणायची हे तुला कुणी सांगितलं? …दार्विसनं? माझ्या लेकानं?

…दार्विस काय म्हणाला नेमकं? जसंच्या तसं सांग… ‘मावशी, पोराला केरेता कबूल केलीय, एखादी छोटी लाल बघ.’ लाल? …म्हणजे त्याच्या मनात मोटारच होती? पहिल्यापासून?

…थांब. आठवतेय.

ईदला फोन केला होता ना त्यानं. फिक्रीला दिला मी. पोरगं कानाला फोन लावून उड्या मारत आलं माझ्याकडे. आजी, बाबा केरेता पाठवणार! त्या दिवसापासून वहीत रूळ काढतोय. सगळ्या वहीभर रूळ, नोर्सिया. गणिताच्या वहीतसुद्धा. आपल्या इकडे कुठंच रेल्वे नाही, पोरानं ती डोळ्यांनी पाहिलेली नाही. पण रूळ काढले इथून निघालेले, नदीवरून, डोंगरातून, थेट कुचिंगपर्यंत. तिथं एक माणूस उभा काढलाय. हात वर केलेला.

आणि बाप मोटार म्हणत होता.

…बोली बदलते, हो. माहीत आहे. तुझी बदलली त्याचं नाही वाईट वाटत मला, तू नवऱ्याच्या घरी गेलीस. पण स्वतःच्या पोराशी बोलताना तरी माणसानं घरचा शब्द वापरावा की नाही? एवढंही भान राहू नये? पोरगं काय समजेल, हे एकदा तरी मनात यायला नको? …नाही, साधी चूक नाही ही. तीन वर्षांची चूक आहे.

…पैसे किती दिले त्यानं तुला? …पन्नास. आणि वर काय म्हणाला? …सांग. नाही, सांगच… ‘आधी पोंतियानाकला काय भाव आहे ते विचार’?

वा! वा रे पठ्ठ्या! पोरगं कसं आहे हे विचारलं का? किती उंच झालाय, भितोय का, जेवतो का? …नाही ना? भाव विचारला. शी! किळस आली मला, नोर्सिया. माझ्या पोटचा आहे म्हणून तर जास्तच किळस आली. अल्लाह माफ करो.

…आणि माझी मला काय कमी येते? मीसुद्धा तीन आठवडे तेच केलं की. रोज संध्याकाळी पोरगं जवळ येऊन बसायचं, आजी, बाबा येणार का सुंतेला? आणि मी म्हणायचे, थांब रे, हिशेब करू दे, रिंगिट वर गेलाय. एकशे एकोणीस गुणिले साडेतीन! त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही मी. दोन देशांचे भाव पाठ केले…

…काय? …कोण ऐकतंय? …फोन मोठ्या आवाजावर ठेवलायस? कधीपासून?

…दार्विस आहे तिथे? तुझ्या घरात? …शेजारीच बसलाय.

बरं. असू दे. बरंच झालं, परत सांगावं लागणार नाही. दार्विस, ऐकतोयस? …नको, सलामबिलाम नको. सुट्टी होती ना आज तुला? मावशीकडे जेवायला यायला वेळ आहे… हो, रजा मिळत नाही. दर वर्षी मिळत नाही. कारखान्यात तुझ्याशिवाय फळ्या कापल्या जात नाहीत, माहीत आहे मला… यांतीला काय सांगू मग? …काही नको? बरं. काही नको म्हणून सांगते.

…नाही, माझी माफी मागून काय उपयोग? मी काय झाडावर बसलेय? …‘मोटार काय, रेल्वे काय, खेळणंच ते’? परत म्हण बघू… नाही, म्हणच…

…अगंबाई! कधी उतरलास तू? …कधीपासून उभा आहेस इथे? …मग काय, सगळं ऐकलंस? …अरे, खोका कशाला उचलतोस, ठेव तो…

…थांब रे दार्विस. फिक्री आलाय. माझ्या मागेच उभा होता… हो, ऐकलंय त्यानं… फोन मागतोय… घे. घे बाळा, बोल. बाबाच आहेत.

“हॅलो… बाबा? …हो, मी फिक्री… उतरलो. आपणहून उतरलो… हो, मिळाली. लाल आहे… दारंपण उघडतात, दोन्हीकडची… नाही, आजी अशीच ओरडते. सगळ्यांनाच… नाही बाबा. नाही, तसं नाही. मला माहीत होतं मोटारच येणार… हो, खरंच. इकडेपण आता मोटारीलाच केरेता म्हणतात… हो, शाळेत सगळेच म्हणतात… नाही, रडत नाहीये, झाडावर मुंग्या होत्या… येताय? …नको, एवढ्यात नाही आलात तरी चालेल, तुम्हाला काम असेल… हो. बरं… आई भात करतेय… बरं, आजीला देतो.”

…हं. मी आहे.

ऐकलंस काय म्हणाला ते?

…गेला. खोका काखेत मारून सरळ जमहूर काकांच्या पुढ्यात जाऊन बसला. कुणी हाक मारली नाही त्याला… नाही, रेल्वेचं नावसुद्धा काढलं नाही. सालमाला मोटार दाखवतोय. माझ्या बाबांनी परदेशातून पाठवली म्हणून सांगतोय.

…दार्विस? …रडतोयस?

नको. माझ्याजवळ रडू नकोस, मला आणखी किळस येईल. रडायचं असेल तर इकडे येऊन रड… बसचं तिकीट किती, ते मला काय विचारतोस? मावशीला विचार. तिला दोन्हीकडचे भाव पाठ आहेत…

…हो हो, जमहूर काका, आले! …ठेवते मी. त्याचा हात धरून बसायला कुणीतरी हवंय.