हातमोजा डावा की उजवा

डोळ्यांच्या दवाखान्यातली नर्स फॉर्म भरायला बाहेर आली, तेव्हा बाकावरचे दोघे पुस्तकातल्या एका जुन्या इंग्रजी खुनावरून हमरीतुमरीवर आले होते.

"दाजी, प्रेताजवळचा हातमोजा डावाच होता. खुनी डावखुरा!"

"अरे, उजवा! व्हिक्टोरिया राणीच्या पोलिसांनीही तुझ्यासारखीच माती खाल्ली."

"आपण असतो, तर दोन दिवसांत छडा लावला असता."

"दोन कशाला? एका!"

"आत नेलेल्या बाईंचे तुम्ही कोण?" नर्सने विचारलं.

"मी नवरा. हा तिचा भाऊ."

"ऑपरेशन कोणत्या डोळ्याचं?"

"डाव्या."

"उजव्या."

नर्सचं पेन तसंच थांबलं.

"दाजी, पुराव्यानं जाऊ. सकाळी न दिसल्यामुळे ताई दारावर आपटली, ती कुठल्या बाजूनं?"

"आवाज आला होता. पण मी तेव्हा हातमोज्याचं प्रकरण वाचत होतो."