डांबर संपतं तिथली गाडी

बसा, बसा सगळे. मागे उभे आहात त्यांनी पुढे या, सतरंजी रिकामी आहे.

सुनेच्या शोकसभेत सासूनं बोलायचं, ही काय रीत झाली? खरं तर आज सुनंदानं इथं बोलायचं आणि मी त्या हारातल्या फोटोत असायचं. पण आठ दिवसांच्या तापानं तिला नेलं आणि बोलायला मी उरले. मला लिहिता-वाचता येत नाही. काल नातीला, प्राचीला म्हटलं, मी सांगते, तू उतरव. कागद तिच्या हातात आहे. मी अडले तर ती सांगेल. रडले तर सांगू नको गं, ते माझं मला कळतं.

आधी एक गोष्ट साफ सांगते. सुनंदाला गाडीनं नेलं नाही. भेटायला आलेल्या दोघी-तिघी आमच्याच ओट्यावर कुजबुजत होत्या, "बाईमाणसाला दोन-दोन गाड्या कशाला हव्या होत्या?" बायांनो, ताप होता तो. तापाला चाकं नसतात.

पण तुम्हाला कोणत्या तोंडानं बोलू? सगळ्यांत आधी हे मीच बोलले होते.

सुनंदा नर्स. पेठच्या बाजूला, डोंगरातल्या पाड्यांवर लेकरांना लस टोचायची. तिच्याकडे एक स्कूटर होती, पंचवटीच्या बोळांतून फिरायला. पुढे भाजीची पिशवी, मागे मी. आणि दुसरी मोटारसायकल, उंच, घोड्यासारखी, पाड्यांच्या वाटेसाठी. तिच्यावर नऊवारीत मला चढवायचं तर शिडी लागली असती. मी म्हटलं, "अगं, बसायला तू एकटी. दोन गाड्या कशाला?"

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "आई, तवा आहे, पातेलं आहे. मग आज पातेल्यात भाकरी भाजू का?"

म्हटलं, "लय शहाणी आहेस."

म्हणाली, "तुमच्याच हाताखाली झाले."

अशी होती. सासूला उत्तर द्यायची आणि वर पहिली भाकरीही सासूलाच वाढायची.

मग सहा वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, उतारावर ती मोटारसायकल घसरली. गळ्याजवळचं हाड मोडलं. दीड महिना मी तिची वेणी घातली. घाबरले होते हो मी. पण सासूला घाबरता येतं का? सासूला रागावताच येतं. मी म्हटलं, "ती गाडी पुन्हा या दारात दिसली, तर मी सायखेड्याला भावाकडे निघून जाईन."

माझा मुलगा विलास उठून बाहेर गेला. हाड जुळलं आणि चार दिवसांत गाडी दिसेनाशी झाली. म्हणाली, "दिली एका मैत्रिणीला." मला वाटलं, जिंकले.

पुढचा पावसाळा आला. तिचे चिखलाचे बूट धुवायचं काम माझं. एक दिवस बघते तर डाव्या बुटाचा चवडा वरून घासलेला. उजवा धड, डावाच झिजलेला. आता हे मला कुणी शिकवायला नको. आमचे हे मोटारसायकलवरून बाजारात मेथी-कोथिंबीर न्यायचे. जन्मभर त्यांचा डावाच बूट आधी जायचा. पायानं गिअर वर उचलायचा, तिथं घासतं ते. स्कूटरला कुठं आला पायात गिअर?

मी बूट उन्हात ठेवला आणि ओट्यावरच बसले. समजलं मला. गाडी कुणाला दिली नव्हती. नुसती दारात आणत नव्हती. शब्द माझाच पाळला होता पोरीनं, अगदी तंतोतंत.

बोलले का मी? नाही. बूट चांभाराकडे नेला. घासलं होतं तिथं चामड्याचा तुकडा लावून आणला. संध्याकाळी तिनं बूट हातात घेतला. उलटसुलट करून बघितला.

"आई, हे कुणी लावलं?"

"फाटत होता. शिवून आणला."

"फक्त डावाच?"

"फाटत होता तोच शिवणार ना?"

तिनं बूट खाली ठेवला. आत जाऊन चहा टाकला. आलं जास्त घातलं होतं, मला आवडतं तसं. एवढंच. पाच वर्षांत बुटांचे तीन जोड झाले. तिन्ही वेळा डाव्याला चामडं मी लावून आणलं.

परवा एक माणूस दारात आला. तो बघा, मागे निळ्या शर्टात बसलाय. हिरामण, उभा राहा रे. जिथं डांबर संपतं, तिथं ह्याची चहाची टपरी. म्हणाला, "आजी, नर्सबाईंची मोटारसायकल माझ्या पडवीत हाय. ही चावी." सुनंदा रोज स्कूटरनं तिथवर जायची. तिथं गाडी बदलायची. परत येताना पुन्हा बदलायची. हिरामण म्हणाला, "बाई कधी चहाला बसल्या नाय. म्हणायच्या, घरी उशीर झाला तर आईंना संशय येईल."

संशय! अगं, मला सगळं ठाऊक होतं.

मला वाटायचं, न बोलून मी मोठं मन दाखवतेय. पण ती रोज धावत आली ना हो. अंधार पडायच्या आत, पावसात, दोन-दोन गाड्या बदलत, चोरासारखी. दमून यायची आणि दारात आधी माझ्या तोंडाकडे बघायची. माझं एक वाक्य लागत होतं. "गाडी घरी आण." तीन शब्द. बुटाला चामडं लावायला चांभारापर्यंत गेले, पण जीभ हलली नाही. तिला कळलं असेल का, की मला माहीत आहे? मला वाटतं, कळलं असेल. पण वाटणं वेगळं. विचारायला आता ती नाही.

विलास, मान वर कर. तुला हे आत्ताच कळतंय. बायकोवर रागावू नको, तिनं लपवलं ते माझ्यामुळे. उद्या हिरामणबरोबर जा आणि गाडी घरी घेऊन ये. एक दिवस आपल्या दारात, सगळ्या गल्लीला दिसेल अशी उभी कर. मी हळदकुंकू लावीन. मग ती पाड्यावर आलेल्या नव्या नर्सबाईला द्यायची. ती पायी हिंडते म्हणे, लसींचा डबा खांद्याला लावून. आणि तिच्या घरी सासू असेल तर मला सांगा. मी जाऊन बोलते.

आता सुनंदासाठी दोन मिनिटं गप्प राहू या. उभे राहा. ज्यांचे गुडघे माझ्यासारखे आहेत, त्यांनी बसून राहिलं तरी चालेल. मला या गप्प बसण्याची भीती वाटते, खरं सांगते. पाच वर्षं तेच केलं मी. म्हणून आधी बोलून घेते.

सुनंदा, गाडी घरी आण गं.

हं. आता गप्प.