केंपीनं काय खाल्लं होतं

हे मी लई वर्षं टाळलं. बायकोला सांगितलं न्हाय, पोरांना न्हाय, आन् तुमी मागं आलात तेव्हा छावणीचा विषय निघाला की मी चहाचं निमित्त करून आत गेलो, तुमच्या ध्यानात आलं असंल. आजही मला बसून सांगता यायचं न्हाय. मी हितं येरझाऱ्या घालत बोलतो, तुमी लिहून घ्या.

मी मूळचा वैरागकडचा. घरी कोरडवाहू रान, सातवीपर्यंत शाळा. आई आमची शांत बाई, पण वाढताना तिचा एक नेम होता, घरात कुणी आजारी असलं, खंगलेलं असलं, की आमटीच्या भांड्याच्या तळाचं त्याला. वरचं पातळ आमाला, तळाचं दाट त्याला. हे आईचं मधीच का सांगतोय म्हणाल, तर सगळं त्याच्यातनंच झालं.

बाहत्तरच्या दुष्काळात होटगीजवळ जनावरांची छावणी पडली आन् मला तितं काम मिळालं. कडबा कुटं शिल्लक नव्हता. रेल्वेच्या वॅगनीतनं भाताचा पेंढा यायचा, लांबनं आलेला, पिवळा, कुबट वास मारणारा. आमची जनावरं ज्वारीच्या कडब्यावर वाढलेली, काय सांगू तुमाला, पेंढा पुढं टाकला की हुंगायची आन् मालकाच्या तोंडाकडं बघायची. खाल्ला तरी अंगी लागत न्हवता. मग जनावरांच्या डॉक्टरांनी युक्ती काढली. साखर कारखान्याची मळी आणायची, पाण्यात कालवायची, त्यात थोडा युरिया विरघळवायचा आन् झारीनं पेंढ्यावर शिंपडायचं. मळीच्या गोडीनं जनावर खातं आन् युरियानं पेंढा पचतो. ते काम माझ्याकडं दिलं. डॉक्टरांनी मला पिंपाजवळ उभं करून सांगितलं, युरियाचा खडा शिल्लक राहता कामा न्हाय, काठीनं हलवत राहायचं, थोडं थोडं शिंपडायचं, बादलीनं कुणाला प्यायला द्यायचं न्हाय, आन् तळाला उरलेलं मातीत ओतून टाकायचं. चुकून काही झालंच तर शेडात व्हिनेगरची बाटली ठेवलीय, आंबट हाय, ते पाण्यातनं पाजायचं. शेडाची किल्ली माझ्या कमरेला.

लोक आधी बिचकले. खत घालून जनावरं मारतोस व्हय रे, म्हणायचे. पण थोड्याच दिवसांत गाई पेंढा खायला लागल्या, पाठी भरायला लागल्या, आन् मी छावणीतला मोठा माणूस झालो. माझ्या अंगाला कायम मळी, माशा पाठ सोडायच्या न्हाईत. अक्का म्हणायची, तम्मा, तुला नवरी कशाला रं, या माशाच नांदायला आल्यात की तुझ्याकडं.

ही अक्का म्हणजे गंगव्वा. अक्कलकोटच्या पलीकडची, घरात कानडी, आमच्याशी मराठी, नवरा वारलेला. एक म्हातारा बैल आन् एक लाल गाय घेऊन चालत आलेली. गाईला ती केंपी म्हणायची, कानडीत तांबडी. मला तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. भाकरी करायची ती माझ्या वाटणीची थापूनच उठायची, वर शेंगाची चटणी. माझ्या आईनंतर मला वाढणारी तीच.

केंपी गाभण होती आन् खंगलेली. बाकीची सुधारली, हिच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. मला बघवंना. एक दिवस सकाळी शिंपडून झालं, पिंपात तळाला दाट, काळं, चिकट उरलं होतं. ओतून द्यायला पिंप कलंडवलं आन् हात थांबला. आमच्या घरात तळाचं कधी मातीत गेलं न्हाय. तळाचं म्हणजे कस. मी ते बादलीत काढलं, थोडं पाणी घातलं, आन् केंपीच्या पुढं धरलं. अक्का तितंच उभी, गाईच्या मानेवर हात ठेवून. म्हणाली, पी गं पी, मामानं आणलंय. केंपीनं बादली चाटून पुसून काढली.

सूर्य वर यायच्या आत गाय थरथरायला लागली. तोंडाला फेस, पोट नगाऱ्यासारखं फुगलं, पाय ताठले. माणसं धावली. छावणीचा मुकादम आला, बघितलं आन् म्हणाला, किराळ लागलंय, कोवळी ज्वारी खाल्लीय हिनं. आमच्या भागात ज्वारीच्या बुडख्याला फुटलेले कोवळे पोंगे जनावरानं खाल्ले की असंच होतं, पोरासोरांना ठाऊक हाय. आन् शेजारच्या विहिरीवर पाटापाशी तसे फुटवे होते, हिरवेगार, मालक डोळ्यात तेल घालून राखायचा. लोकांनी गूळ कालवला, बांबूच्या नाळीनं गुळाचं पाणी पाजायला लागले. मला कळलं होतं, तळाला साचलेला युरिया भोवला होता. गूळ न्हाय, आंबट पाहिजे. शेड वीस पावलांवर, किल्ली कमरेला. पण बाटली आणली तर मुकादम इचारणार, हे कशाला, आन् मग बादली निघणार, मग माझं काम जाणार, मग लोक म्हणणार, बघा, खत घालून मारली. मी किल्ली मुठीत धरून उभा राहिलो. केंपी गेली. पोटातलं वासरूही गेलं.

तेवढ्यावर संपलं असतं तरी एक वेळ. मुकादम अक्काला म्हणाला, दुसऱ्याच्या रानात गाय सोडलीस, चोरून चारलीस, छावणीत असली माणसं ठेवायची न्हाईत. विहिरीचा मालकही तावातावानं आला. अक्कानं सिद्धेश्वराची शपथ घेतली, गाय दाव्याची सुटलीच न्हाय म्हणाली. कुणी ऐकंना. तेव्हा ती माझ्याकडं वळली. ह्या तम्माला इचारा की, म्हणाली, सकाळपासनं आमी ह्याच्या पिंपापाशीच होतो, सांग रे बाबा.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, मला काय ठाऊक न्हाय, मी माझ्या कामात होतो.

दुपारी अक्का म्हाताऱ्या बैलाचा कासरा धरून निघाली. चुलीपाशी माझी भाकरी झाकून ठेवलेली होती.

त्यानंतर मी पिंपाचा तळ रोज ओतून दिला. एकही जनावर दगावलं न्हाय. डॉक्टरांनी पाठ थोपटली, आन् त्यांच्या शब्दावर पुढं मला पशुखात्यात शिपायाची नोकरी लागली. जन्मभर गावोगाव फिरून हेच दाखवलं, पेंढा कसा शिंपडायचा ते. प्रत्येक गावात एखादी म्हातारी म्हणायचीच, एवढं चांगलं दाट कशाला सांडतोस लेकरा. मी सांडत राहायचो.

निवृत्तीच्या आधी एकदा गेलो तिच्या गावाला. होटगीच्या एका रेल्वे गँगमनकडनं कानडीत क्षमा कशी मागायची, चूक झाली कसं म्हणायचं ते शिकून घेतलं होतं, वाटभर घोकत गेलो. ती ओसरीवर शेंगा फोडत बसलेली. नजर कमी झाली होती, तरी आवाजावरनं ओळखलं. मळीवाला तम्मा! शेजारणींना हाका मारल्या, आमच्या छावणीतला भाऊ आलाय म्हणून. मला भाकरी वाढली. मी खाल्ली, काय करू. मग आपणहून म्हणाली, तुझ्यावर राग न्हाय रे माझा, तू तरी काय सांगणार होतास. माझीच नजर चुकली असंल, केंपीनं वाटंत तोंड घातलं असंल. माझ्या हातानं गेली रे गाय, गाभण गाय, ते पाप मलाच लागलं, म्हणून तर पुन्हा गाय पाळली न्हाय.

माझ्या तोंडात घास होता. तो गिळला आन् दुसरा मोडला. एसटीपर्यंत पोचवायला आली. खिडकीला हात लावून म्हणाली, काय सांगायला आला होतास रे? मी म्हणालो, काही न्हाय, बरी हाईस का ते बघायला आलो. गाडी सुटली.

ती गेल्याचं मला उशिरा कळलं. तिच्या गावात आजही कुणी म्हातारं असंल, ज्याला ती स्वतःच्या तोंडानं सांगून गेली असंल की गाय तिच्याच चुकीनं मेली. त्याला हे वाचून दाखवा. आन् खाली मी घोकलेलं तेवढं घाला.

तप्पायितु, अक्का. केंपीनं कुणाच्या रानात तोंड घातलं न्हवतं.